हाताला पटेल ती इलेक्ट्रिक

अकूस्टिक गिटारवर वर्षानुवर्षं बोटं घासलेल्या माणसाला इलेक्ट्रिक हातात घेतल्यावर खरं तर हायसं वाटायला हवं. तारा बारीक, नेक सडपातळ, दाबायला जोर कमी. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत भलत्याच तक्रारी सुरू होतात. डी कॉर्ड बेसूर लागते. सगळ्यांत बारीक तार नेकच्या कडेवरून सुटते. उजवा हात ठेवायचा कुठे ते कळत नाही. बसून वाजवायला घ्यावी, तर गिटार मांडीवरून पुढे कलंडते. ज्याने आजवर गिटार धरलेलीच नाही, त्याला यातलं फारसं काही जाणवत नाही, कारण त्याचा हात कोरा असतो. अकूस्टिकवाल्याचा हात घडलेला असतो आणि तो घडलाय दुसऱ्याच मापांवर.

पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. ‘इलेक्ट्रिक आपल्याला जमायची नाही’ असा निकाल लागतो आणि गिटार कपाटावर जाते, नाही तर वर्षभरात निम्म्या भावाला विकली जाते. हे टाळता येतं. त्यासाठी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गिटारमधल्या काही गोष्टी विकत घेतल्यानंतर बदलता येतात आणि काही जन्मभर तशाच राहतात. नेकची रुंदी, फिंगरबोर्डची गोलाई, तारेची लांबी, बॉडीचा आकार आणि वजन या गोष्टी कारखान्यातून जशा येतात तशाच राहतात. तारांची जाडी, त्यांची उंची, पिकअप, अ‍ॅम्प, एकंदर आवाज हे सगळं मागाहून बदलता येतं. गिऱ्हाईक दुकानात नेमकं उलटं वागतं. आवाजावर भाळतं, रंगावर भाळतं, हेडस्टॉकवरचं नाव वाचून खिसा चाचपतं आणि नेक किती मिलिमीटरचा आहे हे विचारतही नाही.

ताणाचं गणित

आपल्याकडच्या बऱ्याच अकूस्टिक गिटारवर ‘बाराचा सेट’ असतो. म्हणजे सगळ्यांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची आणि सगळ्यांत जाड तार ०.०५३ इंचाच्या आसपास. इलेक्ट्रिक गिटार दुकानात येते ती नऊच्या किंवा दहाच्या सेटवर. ऐकायला फरक दोन-तीन सहस्रांश इंचाचा, पण तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकाच लांबीच्या गिटारवर बाराची पहिली तार सुरात आणली की ती साडेदहा किलोच्या आसपास ताणाने ओढते, नवाची तीच तार सहा किलोच्या आसपास. सहाही तारा धरल्या, तर बाराच्या सेटचा एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, दहाच्या सेटचा सत्तेचाळीसच्या घरात राहतो आणि नवाचा चाळिसाच्याही आत.

बेसूर डी कॉर्डचं मूळ इथे आहे. अकूस्टिकवाल्याचं बोट सत्तर किलोच्या हिशेबाने दाबत असतं. समोर तार आहे निम्म्या ताणाची आणि फ्रेट बऱ्याचदा उंच. बोट तार फ्रेटला टेकवून थांबत नाही, ते तिला आणखी खाली लाकडाकडे रेटतं. तार ताणली जाते, सूर चढतो. सहापैकी दोन तारा अशा चढल्या की अख्खी कॉर्ड आंबट लागते.

मुंबईत धोबी तलावच्या चौकात, जेर महालच्या आसपास, वाद्यांच्या दुकानांचा जुना शेजार आहे. फुर्टाडोजचा व्यवसाय तर १८६५ पासूनचा. आय-रॉक या रॉक महोत्सवाचे मेळे ज्या रंगभवनात गाजले, ते इथून हाकेच्या अंतरावर. या भागातल्या एका दुकानात शनिवारी दुपारी बसलं की वर सांगितलेला प्रसंग डोळ्यांसमोर घडताना दिसतो. एकदा कॉलेजातला एक मुलगा फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या, घडणीची एक गिटार मांडीवर घेऊन बसला होता. घरी यामाहाची एफ-३१० होती. आपल्याकडे बऱ्याच मुलांची पहिली गिटार तीच असते. दोन-तीन कॉर्ड वाजवून तो म्हणाला, “काका, ही ट्यून नाहीये.” काउंटरवरच्या काकांनी हेडस्टॉकला क्लिपचा ट्यूनर अडकवला आणि सहाही मोकळ्या तारा छेडून दाखवल्या. सगळ्या सुरात. “आता सी धर.” मुलाने धरली, काकांनी एकेक तार छेडली. ट्यूनरचा काटा प्रत्येक दाबलेल्या तारेला उजवीकडे सरकत होता. “गिटार सुरात आहे रे. तूच दाबतोयस. बोट सैल कर. अजून. अजून सैल कर, आवाज फडफडेपर्यंत. हां, आता तिथून थोडंसं घट्ट.” काटा मध्यावर आला. मुलगा आपल्याच बोटांकडे बघत राहिला.

गिटार न बदलता सुटणारी ही अडचण आहे. हात हलका व्हायला थोडे आठवडे लागतात, पण तो होतो. तोवर हाताला जुना आधार हवा असेल, तर तारा जाड घालाव्यात. अकराचा सेट घातला की बोटाला पुष्कळ ओळखीचं वाटतं. त्यातही तिसरी, म्हणजे जी तार, गुंडाळलेली मिळाली तर उत्तम. अकूस्टिकवर ही तार गुंडाळलेली असते, इलेक्ट्रिकच्या नेहमीच्या सेटमध्ये साधी. साध्या जाड तारेत सगळंच पोलाद भरीव, गुंडाळलेल्या तारेचा गाभा मात्र बारीक. त्यामुळे सारख्याच दाबाने साधी तार जास्त चढते. मोकळ्या कॉर्ड वाजवणाऱ्याला इलेक्ट्रिकची जी तार सतत खुपते, ती याच कारणाने. जॅझ वाजवणाऱ्यांच्या सेटमध्ये ही तार अजूनही गुंडाळलेली असते. सेट बदलला की नटच्या खाचा, नेकचा ताण आणि ब्रिजवरची सॅडल पुन्हा जुळवून घ्यावी लागतात, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावं.

मात्र अकूस्टिकच्या ब्रॉन्झच्या तारा इलेक्ट्रिकवर चढवण्याचा मोह टाळावा. इलेक्ट्रिकचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची वायर. तिच्यासमोर लोहचुंबकाला दाद देणारी तार कंप पावली तरच वीज निर्माण होते. ब्रॉन्झला चुंबक ओढत नाही. आतला पोलादी गाभा तेवढा ऐकू येतो, म्हणून गुंडाळलेल्या तारा दबक्या आणि साध्या तारा मोठ्याने वाजतात.

मिलिमीटरचा मामला

नेकची रुंदी मोजतात ती नटपाशी. नट म्हणजे हेडस्टॉकजवळची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा पुढे जातात. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचा नट ५२ मिलिमीटरचा. पोलादी तारांच्या अकूस्टिकवर तो ४३ ते साडेचव्वेचाळीस. इलेक्ट्रिकवर साधारण ४१ ते ४३. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. पण सहा तारांमध्ये जागा असतात पाच. नट दोन मिलिमीटरने अरुंद झाला की प्रत्येक जागेतून जवळजवळ अर्धा मिलिमीटर जातो. ए कॉर्डला तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये बसवणाऱ्याला हा अर्धा मिलिमीटर चांगलाच कळतो. फिंगरपिकिंग करणाऱ्याच्या उजव्या हाताला त्याहून जास्त कळतो, मात्र तिथे नटपेक्षा ब्रिजवरचं तारांचं अंतर महत्त्वाचं.

दुकानात नेहमी दिसणाऱ्या गिटारची मापं बघा. यामाहा पॅसिफिका ११२चा नट ४१ मिलिमीटर. स्क्वायरच्या बहुतेक स्ट्रॅट आणि टेलि (टेलिकास्टर) ४२. गिब्सन आणि एपिफोनच्या लेस पॉल, ईएस-३३५ या घराण्यातल्या गिटार ४३. आयबानेझच्या आर्टकोर मालिकेतली एएस-७३ आणि यामाहाची रेवस्टारही ४३. एफ-३१० चा नट ४३चाच. ती वाजवून मोठा झालेला हात पॅसिफिकावर आखडला, तर त्यात नवल काय? पॅसिफिका वाईट गिटार नव्हे. तिच्या किमतीला तिच्याइतकी नेटकी गिटार सापडणं कठीण. ती या हाताच्या मापाची नाही, एवढंच.

दुसरं माप गोलाईचं. फिंगरबोर्ड सपाट नसतो, मधे किंचित फुगीर असतो. ही फुगीरता ज्या वर्तुळाचा तुकडा, त्याची त्रिज्या इंचांत सांगतात. त्रिज्या जितकी मोठी, तितका फिंगरबोर्ड सपाट. मार्टिनच्या अकूस्टिक गिटार १६ इंचांच्या, क्लासिकल तर जवळजवळ सपाटच. जुन्या घडणीच्या फेंडर सव्वासात इंचांच्या, आजच्या साडेनऊच्या, गिब्सन बारा इंचांच्या. सव्वासातवर बार कॉर्ड पकडायला हात सुखावतो, पण तारा खाली आणून वरच्या फ्रेटवर जोरात बेंड केलं की सूर मधेच गुदमरतो. अकूस्टिकवरून येणाऱ्याला बारा इंच किंवा त्याहून सपाट फिंगरबोर्ड सहसा परका वाटत नाही.

तिसरं माप तारेच्या लांबीचं, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतचं. फेंडर साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सन पावणेपंचवीस, सुमारे ६२८. पीआरएस दोन्हींच्या मधे, पंचवीस. मार्टिनची ड्रेडनॉट २५.४. फेंडरवरून गिब्सनवर येताना लांबी तीन टक्के घटते, पण ताण लांबीच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे तो सहा टक्क्यांनी उतरतो. फ्रेटही जवळ येतात. गंमत म्हणजे एफ-३१० ची लांबी ६३४ मिलिमीटरच आहे. म्हणजे ती वाजवणारा मुलगा स्ट्रॅटकडे वळतो, तेव्हा त्याचे फ्रेट आणखी लांब जातात. इलेक्ट्रिक म्हणजे छोटी आणि सोपी ही समजूत निदान इथे तरी खोटी ठरते. हात लहान असेल, मनगट दुखत असेल किंवा गिटार मुलासाठी असेल, तर पावणेपंचवीसच्या घराण्यातून सुरुवात करावी.

मांडी, काख आणि खांदा

अकूस्टिक गिटार वाजवताना उजवी काख तिच्यावर टेकलेली असते. ड्रेडनॉटची बॉडी शेपटीकडे बारा सेंटिमीटरच्या आसपास खोल. उजवा हात त्या काठावर विसावतो, छाती मागून टेकते आणि गिटार आपोआप जागेवर राहते. टेलिकास्टरची बॉडी साडेचार सेंटिमीटरचीही नाही. काखेखाली एकदम पोकळी. माणूस नकळत पुढे वाकतो, खांदा उचलतो आणि अर्ध्या तासाने पाठ धरते.

हे दुखणं जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः गिटार वाजवत नसत. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेली आणि पुढच्या वर्षी टेलिकास्टर या नावाने रुळलेली गिटार म्हणजे जवळजवळ सरळ कापलेली फळी. ती वाजवणाऱ्यांनीच तक्रार केली की कडा बरगड्यांत आणि कोपराखाली रुततात. या तक्रारींतून १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर घडली. पाठीमागे पोटाला जागा देणारा खोलगट काप आणि पुढे कोपराखाली उतरती कड. तिचा आकार पुढे जगभर फॅशन झाला, पण त्याचा उगम वाजवणाऱ्यांच्या बरगड्यांत आहे. अकूस्टिकवाल्याने टेलि आणि स्ट्रॅट पाठोपाठ मांडीवर घेऊन बघाव्यात; दोन मिनिटांत फरक कळतो.

वजनाचंही असंच. लाकडी पोकळ पेटी असलेली ड्रेडनॉट दोन किलोच्या आगेमागे भरते. स्ट्रॅट साडेतीनच्या आसपास, तर भरीव महॉगनीची लेस पॉल चार-साडेचार किलोपर्यंत जाते. बसून वाजवताना हे कळत नाही. पट्टा लावून दोन तास उभं राहिल्यावर कळतं. गिब्सनची एसजी हलकी, पण तिचा नेक बॉडीला अगदी टोकाशी जुळतो. त्यामुळे पहिला फ्रेट डावीकडे लांब जातो, वर हात सोडला की नेक खाली झुकतो. सतत मोकळ्या कॉर्ड वाजवणाऱ्याला हे दोन्ही त्रासाचं.

पोकळ बॉडीचं घराणं

इलेक्ट्रिक गिटार मुळात अकूस्टिकच्याच पोटी जन्मली, हे लक्षात घेतलं की अकूस्टिकवाल्याची वाट बरीच सोपी होते. गिब्सनने १९३६ साली ईएस-१५० काढली, ती म्हणजे पोकळ बॉडीची, पिकअप बसवलेली नेहमीची गिटार. बँडच्या भोंग्यांत गिटारवाल्याचा आवाज ऐकू जावा, एवढाच हेतू. चार्ली ख्रिश्चनने ती घेऊन बेनी गुडमनच्या ताफ्यात एकेक सूर वाजवले आणि मागे बसून ताल देणारं वाद्य पुढे आलं. अडचण एकच होती: आवाज वाढवला की पोकळ पेटी स्पीकरच्या आवाजाने स्वतःच थरथरायची आणि किंकाळी सुरू व्हायची. भरीव फळीची गिटार या किंकाळीवरचा उपाय म्हणून रुजली.

१९५८ साली गिब्सनने मधला मार्ग काढला. ईएस-३३५ ला दोन्ही बाजूंना पोकळ पंख आणि मधोमध, पिकअप आणि ब्रिजच्या खाली, मेपलचा भरीव ठोकळा. किंकाळी आटोक्यात राहिली आणि पोकळपणाचा श्वास शाबूत राहिला. अकूस्टिकवाल्याच्या दृष्टीने तिचं मोठेपण आकारात आहे. तिची बॉडी सोळा इंच रुंद, ड्रेडनॉटहून किंचित रुंदच. उजव्या हाताला टेकायला ओळखीचा काठ मिळतो. नट ४३, गोलाई बारा इंच, लांबी पावणेपंचवीस. मापांचा हा मेळ एफ-३१० वाल्या हाताला जवळजवळ घरचा वाटतो. तिचा नेक मात्र बॉडीत उशिरा शिरतो, त्यामुळे बसल्यावर पहिला फ्रेट किंचित लांब वाटतो. हे आधी माहीत असलेलं बरं. मूळ गिब्सन आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. एपिफोनची ३३५ किंवा आयबानेझची आर्टकोर हाच मेळ कितीतरी कमी पैशांत देते.

याच घराण्यातली एपिफोन कॅसिनो आत ठोकळा नसलेली, पूर्ण पोकळ आणि म्हणून हलकी. बीटल्समधल्या तिघांकडे ती होती. लंडनमध्ये जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्याच अ‍ॅपल या कंपनीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात जॉन लेननच्या गळ्यात कॅसिनोच होती. अ‍ॅम्पला न जोडताही ती खोलीभर ऐकू येते. रात्री घरच्यांची झोप न मोडता सराव करणाऱ्याला हा गुण मोलाचा. मोठ्या आवाजात, विकृत (डिस्टॉर्टेड) सुरात, रॉक वाजवायचं असेल तर मात्र ती घेऊ नये.

सगळ्यांनी याच वाटेने जावं असं नाही. बॉब डिलन २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या गळ्यात भरीव स्ट्रॅट होती. अकूस्टिकवाल्याने इलेक्ट्रिक हाती घेतल्याचा तो सर्वांत गाजलेला प्रसंग. हीच गिटार २०१३ साली क्रिस्टीजच्या लिलावात ९ लाख ६५ हजार डॉलरला गेली. ज्याला मधला अर्धवट आधार नको, थेट नव्या वाद्याकडे जायचंय, त्याने स्ट्रॅट जरूर घ्यावी. फक्त नव्या वाद्याला नवा हात लागतो, हे मान्य करून.

दोन्ही एकात

‘दोन गिटार कशाला, एकच घेऊ’ म्हणणाऱ्यांसाठीही बाजारात सोय आहे. टेलरची टी-५ २००५ मध्ये आली, फेंडरची अकूस्टासोनिक टेलिकास्टर २०१९ मध्ये. अशा गिटारमध्ये चुंबकी पिकअपच्या जोडीला तारांचा आणि बॉडीचा कंप टिपणारे वेगळे सेन्सर असतात. कळ फिरवली की आवाज अकूस्टिककडून इलेक्ट्रिककडे सरकतो. मंचावर गाणाऱ्या आणि दर दोन गाण्यांनी गिटार बदलण्याचा वैताग असलेल्या कलावंताला त्या फार सोयीच्या. पण किमती चढ्या आणि घरातल्या खोलीत त्यांचा अकूस्टिक आवाज खऱ्या पेटीची बरोबरी करत नाही. क्लासिकलवाल्याला मात्र हीच वाट धरावी लागते, कारण ५२ मिलिमीटरच्या नटवरून ४२ वर उडी मारणं म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. नायलॉनच्या तारांना चुंबक ओढत नसल्याने तिथे सहसा सॅडलखालचा पिकअप चालतो. गोदॅनची मल्टिअ‍ॅक किंवा यामाहाची एनएक्स मालिका त्यासाठी आहे.

ऐन, शिसव आणि आपली हवा

इलेक्ट्रिक गिटारचं वर्णन वाचताना ‘इंडियन लॉरेल’ हा शब्द अलीकडे वारंवार येतो. स्क्वायरच्या बऱ्याच गिटारचा फिंगरबोर्ड या लाकडाचा असतो. हे लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलातला ऐन. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तोच. त्याआधी अनेक वर्षं याच जागी शिसव होता. २०१७ साली शिसवाच्या जातीच्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, प्रत्येक गिटारमागे कागदपत्रांची कटकट सुरू झाली आणि कारखान्यांनी पर्याय शोधले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, तरी स्वस्त गिटारवरचा ऐन तिथेच राहिला. हाताला तो शिसवापेक्षा थोडा खरखरीत आणि कोरडा लागतो. तेलाचा एक हलका हात फिरवला की सुधारतो. केवळ शिसव नाही म्हणून गिटार नाकारण्याचं कारण नाही.

लाकडापेक्षा आपली हवा जास्त सतावते. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड पाणी पितं. अकूस्टिकची पातळ वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो, तारा उंच होतात. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिकला हा त्रास जवळजवळ नाही. तिचा फक्त नेक थोडाफार हलतो आणि आतला ट्रस रॉड पाव फेरा फिरवला की जागेवर येतो. विदर्भात गाडी उलट. नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा सतत एसी चालू असलेल्या खोलीत फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटची धातूची टोकं बाहेर डोकावतात आणि नेकवरून हात सरकवताना तळव्याला ओरखडे काढतात. नवी गिटार घेताना नेकच्या दोन्ही कडांवरून अंगठा आणि तळवा फिरवून बघण्याची सवय याचसाठी हवी.

दुकानात बसल्यावर

आधी घरी, आपल्याच अकूस्टिकवर, तीन मापं घ्यावीत: नटची रुंदी, नटपासून सॅडलपर्यंतची लांबी आणि बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची. अकूस्टिकवर ही उंची दोन ते पावणेतीन मिलिमीटर असते, नीट लावलेल्या इलेक्ट्रिकवर दोनच्या आत. शक्य असल्यास आपली गिटार सोबत न्यावी. दुकानदार हसला तर हसू द्यावं.

तिथे गेल्यावर पहिली दहा मिनिटं अ‍ॅम्पला हात लावू नये. हात नसलेल्या खुर्चीत बसावं आणि गिटार नुसती मांडीवर घ्यावी. डोळे मिटून मोकळ्या कॉर्ड धराव्यात. डी आणि ए धरताना सगळ्यांत बारीक तार कडेवरून सुटते का, बोटं एकमेकांवर चढतात का, हे बघावं. मग पहिल्या फ्रेटवर एफ बार कॉर्ड दोन मिनिटं सलग. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, तर नेकचा मागचा आकार आपल्या मुठीला बसत नाही. त्यानंतर पट्टा लावून उभं राहावं आणि निदान दोन गाणी पूर्ण वाजवावीत. नेक खाली झुकतो का, खांद्यावर भार कुठे येतो, सगळं इथे कळतं. कॅपो वापरणाऱ्याने आपला कॅपो लावून बघावा. अकूस्टिकच्या कॅपोची स्प्रिंग जबर असते आणि बारीक तारांचा सूर चढवते.

यानंतरच अ‍ॅम्प. आणि तोही स्वच्छ आवाजावर. विकृत आवाजात सगळ्याच गिटार भारी वाटतात, शिवाय सहा तारांची भरगच्च कॉर्ड तिथे चिखल होते. म्हणून रॉकवाले दोन-तीन तारांवर भागवतात. स्वच्छ आवाजात मोकळी जी कॉर्ड मनाला आली, तर ती गिटार अकूस्टिकवाल्याला लाभेल. एकूण पैशांचा तिसरा हिस्सा अ‍ॅम्पसाठी राखून ठेवावा. महागडी गिटार आणि फुसका अ‍ॅम्प ही जोडी नेहमी पश्चात्तापाची ठरते.

कोणी काय घ्यावं, याचं माझं उत्तर असं. गाताना साथीला कॉर्ड वाजवणाऱ्याने ३३५ च्या घराण्यातली अर्धपोकळ गिटार घ्यावी. घरात, कमी आवाजात, बोटांनी वाजवणाऱ्याने कॅसिनोसारखी पूर्ण पोकळ. भरीवच हवी असेल आणि हात एफ-३१० वर घडला असेल, तर ४३ मिलिमीटर नटची, आखूड तारांची. लांब बोटांच्या आणि नवा हात घडवायची तयारी असलेल्या माणसाने खुशाल स्ट्रॅट. क्लासिकलवाल्याने नायलॉनचीच इलेक्ट्रिक. आणि पोलादी तारांची कुठलीही घेतली, तरी पहिल्या आठवड्यात ती कारागिराकडे नेऊन अकराच्या सेटवर नीट लावून घ्यावी. आवाज नाही आवडला तर पिकअप बदलतात, अ‍ॅम्प बदलतात, तारा तर दर दोन महिन्यांनी बदलतातच. अरुंद नेक कुणालाही रुंद करता येत नाही. दुकानात जाताना खिशात पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवा आणि पैसे मोजण्याआधी नट मोजा.